डीओ चांगला आला म्हणजे पाणी स्वच्छ? ऑक्सिजन आणि सेंद्रिय प्रदूषणाचं नातं



पर्यावरणशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रकल्प पाण्यावरचा असतो. गावाजवळची नदी किंवा तलाव, पाच-सहा ठिकाणचे नमुने आणि शेवटी पीएच, डीओ, बीओडीचा तक्ता. पुढे पीएचडीचा विषयही अनेकदा यातूनच निघतो. माझा तसाच निघाला. आणि पहिल्याच वर्षी मी जी चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

एप्रिल महिना होता. एका छोट्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे, त्याच्या वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी येऊन मिळतं. मी दुपारी तीनच्या सुमारास तिथे पोचले, मीटर पाण्यात सोडला, डीओ आला ११ मिलिग्रॅम प्रति लिटर. पुस्तकात वाचलेलं होतं की डीओ जास्त म्हणजे पाणी चांगलं. मी प्रगती अहवालात लिहून टाकलं, "डीओचे प्रमाण उत्तम असल्याने सांडपाण्याचा परिणाम नगण्य दिसतो." सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एवढंच लिहिलं: "३० अंशाला ११ आले कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळेपर्यंत डीओ आणि बीओडी हे दोन शब्द मला नव्याने शिकावे लागले. त्याच क्रमाने तुम्हाला सांगते. (यापुढे एकक दिलं नसेल तिथे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत असं समजा.)

पाण्यात ऑक्सिजन मावतो तरी किती?

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. पाण्याच्या रेणूतला, म्हणजे एचटूओमधला ऑक्सिजन इथे मोजायचा नाही. तो माशाला श्वासासाठी उपयोगाचा नाही. मासा कल्ल्यांतून घेतो तो हवेतून पाण्यात विरघळलेला वायू.

हा वायू पाण्यात फार कमी मावतो. १ लिटर हवेत साधारण २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच हवेच्या संपर्कातल्या १ लिटर गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला जेमतेम ८.३ मिलिग्रॅम असतो. म्हणजे तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. पाणी तापलं की हा आकडा आणखी खाली येतो: ० अंशाला १४.६, १० अंशाला ११.३, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला ७.६. याला संपृक्त पातळी म्हणतात. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाब कमी, त्यामुळे त्यातून सहा-सात टक्के वजा करा.

आता सरांचा प्रश्न पुन्हा वाचा. ३० अंशाच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास ऑक्सिजन येऊ शकतो. मग माझे ११ आले कुठून? हवेतून नक्कीच नाही. हा धागा इथे ठेवू, शेवटी उचलू.

एक चमचा साखर आणि सातशे लिटर पाणी

सेंद्रिय प्रदूषण म्हणजे काय? जिवाणूंना जे खाता येतं आणि जे आपण पाण्यात सोडतो, ते सगळं. मैलापाणी, स्वयंपाकघरातलं खरकटं, कत्तलखान्याचं, दूध डेअरीचं, साखर कारखान्याचं सांडपाणी, निर्माल्य, कुजलेला पालापाचोळा. यातलं बरंचसं विषारी नसतं, हे लक्षात घ्या. ते अन्नच असतं. ते पाण्यात गेलं की जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते आणि ते आपल्यासारखेच अन्न खाताना ऑक्सिजन वापरतात. मासे मरतात ते बहुतेक वेळा या अन्नाने नाही, तर ऑक्सिजन संपल्याने गुदमरून.

हिशोब करून बघू. साखर म्हणजे सुक्रोज. तिचं पूर्ण विघटन होताना ३४२ ग्रॅम साखरेला ३८४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चमच्याला सुमारे ५.६ ग्रॅम, म्हणजेच ५६०० मिलिग्रॅम. एका लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरला, तर एक चमचा साखर ७०० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीला पुरून उरेल एवढी ही मागणी आहे!

आता हेच मोठ्या प्रमाणावर बघा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे स्पेंट वॉश उरतं, त्याची ऑक्सिजनची मागणी ४०,००० किंवा त्याहूनही जास्त असते. प्रक्रिया न केलेला १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे ४०० किलो ऑक्सिजनची मागणी. हा ऑक्सिजन ५ कोटी लिटर नदीच्या पाण्यातून येणार. "मळीमिश्रित पाणी आल्याने मासे मेले" या पश्चिम महाराष्ट्रातल्या नेहमीच्या बातमीमागे हा एवढा साधा भागाकार आहे.

टाकीतली पातळी आणि नळाचा वापर

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण सगळा लेख तिच्यावर उभा आहे. घराच्या टाकीत वरून पाणी येतं आणि खालच्या नळाने जातं. टाकी अर्धी भरलेली दिसली, तर घरात पाणी किती वापरलं जातं हे तुम्ही सांगू शकाल का? नाही. वापर भरपूर असेल आणि वरून धारही जोरात असेल, तरी टाकी भरलेली दिसेल.

डीओ म्हणजे टाकीतली पातळी. जिवाणूंचा वापर हा खालचा नळ. वरून येणारी धार दोन ठिकाणची: हवेतून विरघळणारा ऑक्सिजन, आणि शेवाळ व पाणवनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणातून सोडलेला ऑक्सिजन. नदी खडकांवरून, बंधाऱ्यावरून उसळत जात असेल तर हवेची धार मोठी. संथ, खोल पाण्यात ती बारीक. आणि पुण्यात मुळा-मुठेवर उन्हाळ्यात दिसते तशी जलपर्णीची गच्च चादर असेल, तर हवेचा संपर्कही तुटतो आणि खाली उजेडही पोचत नाही.

म्हणून नुसत्या डीओवरून प्रदूषण किती हे ठरत नाही. त्यासाठी नळाचा वापर वेगळा मोजावा लागतो. त्याचं नाव बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी.

बीओडी: बाटलीत बंद केलेली भूक

पद्धत कल्पनेला सोपी आहे. नमुना ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता भरायचा, डीओ मोजायचा, बाटली अंधारात ठराविक तापमानाला ठेवायची आणि काही दिवसांनी पुन्हा डीओ मोजायचा. जेवढा कमी झाला, तेवढा जिवाणूंनी खाल्ला. अंधार यासाठी की शेवाळाने मध्येच ऑक्सिजन तयार करू नये. म्हणजे बाटलीत टाकीची वरची धार पूर्ण बंद, फक्त खालचा नळ चालू.

डीओ मोजायची जुनी आणि आजही विश्वासाची रासायनिक पद्धत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिली. बाटलीत मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत.

पाच दिवस आणि २० अंश ही जगभरची प्रमाणित अट. पाच दिवसांचा मुक्काम ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाच्या काळातला. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून पाच, असं सांगतात. याच आयोगाने १९१२ मध्ये नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडी २० आणि तरंगते कण ३० अशी मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे पाणी मुळात गरम, म्हणून भारतीय मानकात २७ अंश आणि तीन दिवस अशी चाचणी आहे. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणी कोणती चाचणी केली, हे आधी बघा.

आता या चाचणीतले तीन सापळे.

पहिला सापळा विरलीकरणाचा. नाल्याचा नमुना तसाच बाटलीत भरला, सुरुवातीचा डीओ ७, तीन दिवसांनी ० आला आणि वहीत लिहिलं "बीओडी ७". ही चूक मी कितीतरी वह्यांमध्ये पाहिली आहे. अहो, बाटलीत सातच होते, जिवाणू आठवा कुठून खाणार? खरी भूक ७० असेल किंवा २०० असेल, बाटली ते सांगूच शकत नाही. म्हणून घाण पाणी विरल करावं लागतं. ३०० मिलिलिटरमध्ये ६ मिलिलिटर नमुना, बाकी हवेने संपृक्त केलेलं विरलन पाणी, म्हणजे ५० पट. डीओ ७.६ वरून ३.६ वर आला तर बीओडी ४ गुणिले ५०, म्हणजे २०० (बीज टाकलं असेल तर त्याची वजावट वेगळी). घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण १५० ते ३०० असतो, त्यात हे बसतं. नियम लक्षात ठेवा: डीओ निदान २ ने कमी व्हायला हवा आणि शेवटी निदान १ उरायला हवा. नाहीतर ती बाटली बाद.

दुसरा सापळा अमोनियाचा. काही जिवाणू सेंद्रिय पदार्थ न खाता अमोनियाचं नायट्रेट करतात आणि तेही ऑक्सिजन घेतात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ४.६ मिलिग्रॅम. अर्धवट प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यात यामुळे बीओडी फुगलेला दिसतो. फक्त कार्बनी भाग हवा असेल तर ॲलिलथायोयुरियासारखा रोधक वापरतात.

तिसरा सापळा याच्या उलट. नमुन्यात क्लोरीन किंवा जड धातू असतील तर जिवाणूच मरतात, भूक दिसतच नाही आणि बीओडी छान कमी येतो. अशा वेळी डायक्रोमेटने केलेला सीओडी सोबत हवाच. सीओडी खूप जास्त आणि बीओडी अगदीच कमी आला, तर आनंद मानू नका, विषाचा संशय घ्या.

डीओ सगळ्यात कमी कुठे? नाल्याच्या तोंडाशी नव्हे

नमुन्याची ठिकाणं ठरवताना आपण काय करतो? नाल्याच्या वर एक, नाला मिळतो तिथे एक, आणि थोडं खाली, जिथपर्यंत गाडी जाते तिथे एक. यात एक मोठी गोष्ट निसटते.

अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये एक समीकरण मांडलं. त्यांचं म्हणणं शब्दांत असं: नदीतल्या ऑक्सिजनची तूट दोन वेगांच्या ओढाताणीतून ठरते. एक, जिवाणू ऑक्सिजन खातात तो वेग. दोन, हवेतून ऑक्सिजन परत येतो तो वेग. तूट जितकी मोठी, तितका हवेतून येणारा ऑक्सिजन जास्त.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांडपाणी मिसळल्यावर नदीचा पूर्ण बीओडी २०, डीओ संपृक्त म्हणजे ८, खाण्याचा वेग दिवसाला ०.३, भरून येण्याचा वेग दिवसाला ०.६, आणि प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे १७ किलोमीटर. समीकरणात घातल्यावर:

- संगमावर: बीओडी २०, डीओ ८
- १७ किलोमीटर खाली, एक दिवसाने: बीओडी १४.८, डीओ ४.२
- ४० किलोमीटर खाली, सव्वादोन दिवसांनी: बीओडी १०, डीओ ३
- १२० किलोमीटर खाली, सात दिवसांनी: बीओडी २.४, डीओ ५.९

नीट बघा. जिथे घाण सगळ्यात जास्त, तिथे डीओही सगळ्यात चांगला. आणि जिथे डीओ तळाला गेला, तिथे बीओडी निम्म्यावर आलेला. कारण जिवाणूंना खायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे निघून जातं. सांडपाणी एका गावाचं, मासे मरतात दुसऱ्याच गावात. तिथले लोक आजूबाजूला कारण शोधत बसतात. या घसरगुंडीसारख्या आलेखाला ऑक्सिजनची झोळ म्हणा हवं तर.

प्रत्यक्षात मधे बंधारे येतात, आणखी नाले मिळतात, तळाचा गाळही ऑक्सिजन खातो. उन्हाळ्यात तर तिहेरी मार. पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, जिवाणूंचा वेग वाढतो (२० वरून ३० अंशाला गेल्यावर साधारण दीडपट), आणि नदीत विरल करायला पाणीच नसतं.

दुपारचे अकरा आणि पहाटेचा हिशोब

आता माझ्या बंधाऱ्याकडे परत जाऊ. सरांच्या शेऱ्यानंतर मी पुन्हा तिथे गेले, पुन्हा दुपारीच. काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका काकांनी विचारलं काय मोजताय. मी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, दुपारचं काय बघता? पहाटं या. मासं वर तोंड काढून हवा खात्यात."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पोचले. खरंच, पाण्यावर सगळीकडे माशांची तोंडं. मीटरवरचा आकडा १ च्याही खाली होता. तेच ठिकाण, तेच पाणी, मध्ये फक्त एक रात्र.

असं का होतं ते आता तुम्हीच सांगू शकाल. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग जिवाणूंनी फोडला की नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळे होतात. ते शेवाळाचं खत. पाणी हिरवंगार होतं. दिवसा ऊन असताना शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की तो संपृक्त पातळीच्याही वर जातो. माझे ११ तिथून आले होते. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, पण श्वास चालू. शेवाळ, जिवाणू, मासे, गाळ, सगळे मिळून साठा संपवतात. म्हणजे दुपारचा तो ११ चा आकडा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हता. तो प्रदूषणाचाच पुरावा होता, मी उलटा वाचला होता.

लाज वाटली ती चुकीची नाही. काकांना जे रोज दिसत होतं, ते माझ्या अहवालाने "नगण्य" ठरवलं होतं. असा अहवाल कोणाच्या टेबलावर गेला असता, तर तिथे काही करायची गरज नाही असाच अर्थ निघाला असता.

तुमच्या आराखड्यात काय असावं

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत सार्वजनिक स्नानासाठी डीओ ५ किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी, अशा दोन्ही अटी एकत्र आहेत. मत्स्यजीवनासाठी डीओ निदान ४ हवा. आणि नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवताना मंडळ बीओडी बघतं. २०१८ च्या यादीत देशात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्यात जास्त. पातळी आणि वापर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे निकषांनाही मान्य आहे.

तेव्हा आराखडा लिहिताना एवढं करा. डीओसोबत वेळ आणि पाण्याचं तापमान नोंदवा, आणि आकडा संपृक्ततेच्या टक्केवारीतही द्या. शंभराच्या बराच वर गेला तर शेवाळाचा विचार करा. निदान एका ठिकाणी पहाट आणि दुपार असे दोन नमुने घ्या, जमलं तर चोवीस तासांचे. विंकलरची पहिली दोन रसायनं नदीकाठीच घाला, बाटली प्रयोगशाळेत नेईपर्यंत थांबू नका. बीओडीच्या प्रत्येक नमुन्याची दोन-तीन वेगवेगळी विरलनं लावा. आणि ठिकाणं गाडी जाते तिथवर न ठरवता, प्रवाहाचा वेग मोजून ठरवा.

आणि काठावर कोणी जाळं घेऊन बसलं असेल, तर मीटर काढायच्या आधी त्यांच्याशी दोन शब्द बोला. माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच झाली.